‘उचला’ची खूण

प्रिय ठमे,

आधी दारात उभ्या असलेल्या माणसाला घरात घे, समोर बसव, पाणी दे आणि मगच हे पत्र वाचायला घे. त्यांच्या अंगात माझं नारिंगी जॅकेट दिसेल. हसलीस तरी चालेल, पण त्यांना ते काढायला लावू नकोस. तुझ्या दाराशी पोचल्यावरच घालायचं, असं मी त्यांना खुणेनं तीनदा बजावलं होतं. तरी मला दाट शंका आहे की स्वारी इथून निघाल्यापासून ते घालूनच बसली असणार. जॅकेटचं कारण पुढे येईलच. तुला शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे, ती आजच्या दिवस आवर.

चार महिने झाले. तू मोबाईलवर त्या मुलाला माझ्यासमोर आणलंस आणि म्हणालीस, ‘बाबा, आम्ही लग्न करायचं म्हणतोय, पण तुम्ही हो म्हणाल तेव्हाच तारीख धरू.’ एरवी भाजी कशी निवडावी यावर तासभर बोलणारा मी, त्या दिवशी तोंडातून शब्द काढला नाही. दोन्ही हात आडवे पसरले आणि जोरात हलवले. त्या बिचाऱ्या मुलाला वाटलं असेल, सासरेबुवांना पोहण्याचा शौक दिसतोय. पण तुला ती खूण पाचव्या वर्षापासून ठाऊक होती. सगळं थांबवा, धोका आहे. तू आधी हसलीस, मग माझा चेहरा नीट पाहिलास आणि ‘बरं’ म्हणून फोन ठेवलास. त्यानंतर दर रविवारी आपण हवापाण्याबद्दल बोलत आलो. हवेबद्दल इतकं तर बंदरातले खलाशीसुद्धा बोलत नाहीत.

मला मुलगा आवडला नव्हता असं नाही. मला भीती वाटली होती, आणि आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून सरळ लिहितो. त्यांची भाषा वेगळी, आपली वेगळी. वाटलं, उद्या मी त्याच्या घरी गेलो तर मुक्यासारखा कोपऱ्यात बसणार. तुला मुलं झाली तर ती माझ्या मांडीवर बसून कुठल्या भाषेत हट्ट करणार? आणि हळूहळू तूसुद्धा त्या भाषेत हसायला लागशील आणि मला विनोद कळायचा नाही. तुझ्या आईनं यावर मला चार महिन्यांत चाळीस वेळा तरी ऐकवलं. म्हणाली, ज्या माणसानं तीस वर्षं एक शब्द न बोलता पोट भरलं, त्यानं भाषेचं निमित्त सांगावं, कमाल आहे!

तिचं चूक नव्हतं. क्रेनखाली उभं राहून हात दाखवायचे, हाच माझा धंदा. वर, सहा मजले उंच काचेच्या खोलीत, तू ज्यांना ‘ढगातले काका’ म्हणायचीस ते बसलेले. त्यांना खालचा आवाज येत नाही, मला त्यांचा येत नाही. माझा हात म्हणेल तसं त्यांनी ओझं उचलायचं, वळवायचं, टेकवायचं. बावीस वर्षं आम्ही असे दिवसभर बोलतो आणि खाली जेवायला एका बाकावर बसलो की दोघांनाही काही सुचत नाही. ओझी बांधणारे गडी तर बोटीगणिक निराळे. एका बोटीवरचे लोक मी सांगायला लागलो की नजर खाली करायचे. मला वाटायचं, यांचं लक्ष नाही, आणि मी आणखी हातवारे करायचो. वर्षभरानं कळलं, त्यांच्याकडे मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवणं उद्धटपणाचं. म्हणजे ते मला मान देत होते आणि मी त्यांच्यावर डाफरत होतो. दुसऱ्या एका बोटीवरचा आचारी घाबरला की हसायचा. एकदा त्याच्या पायावर पिंप पडता पडता राहिलं, तेव्हा तो इतका हसला की मी त्याला पाणी पाजलं. असलं सगळं पाहिलेला माणूस मी. पण घरचं काम आलं की माणूस पुन्हा नवशिका होतो.

तर मागच्या बुधवारी सकाळी तुझी आई म्हणाली, आज दाढी नीट करा, पाहुणे येतायत. कोण, तर मुलाचे वडील. एकटे. मुलाला बरोबर येऊ न देता, आपल्या भाषेचं एक अक्षरही येत नसताना. तू आईला आठ दिवस आधी कळवलं होतंस आणि मला नाही, ते बरंच केलंस, नाहीतर मी नेमका त्याच आठवड्यात गावाला जायचं काढलं असतं. दुपारी दार वाजलं. दारात बुटकासा गृहस्थ, डोक्यावर हॅट, हातात कात्र्या-कंगव्यांची चामड्याची पेटी, मिशी अशी कोरलेली की पट्टी लावून बघावी. त्यांनी हॅट काढली, उजवा हात छातीवर ठेवला आणि तसेच उभे राहिले. मी हात मिळवायला पुढे केला, तोवर त्यांनी मिठी मारायला दोन्ही हात पसरले, मग माझा हात पाहून त्यांनी हात पुढे केला, तेव्हा मी मिठीच्या तयारीत. असा आमचा दारातच एक नाच झाला. तुझी आई मागे तोंडाला पदर लावून उभी.

मोबाईलमध्ये भाषांतराची सोय आहे म्हणून मी तो काढला. त्यांनी फोनमध्ये तोंड घालून मोठं भाषण केलं. फोन म्हणाला, ‘आपली म्हैस प्रसन्न असो.’ मी उत्तरादाखल प्रवास कसा झाला विचारलं, तर ते ऐकून त्यांचे डोळेच विस्फारले. फोन काय बोलला देव जाणे. तुझ्या आईनं फोन काढून घेतला आणि कपाटात ठेवला, तो ते जाईपर्यंत बाहेर आला नाही.

पहिल्या दिवशी आम्ही त्या माणसाचे जे हाल केले, ते सांगायलाच हवेत. तुला आता त्यांच्या माना ठाऊक झाल्या असतील, आम्हाला कुठून असणार? त्यांच्याकडे मान आडवी हलवली की ‘हो’ आणि हनुवटी वर उडवली की ‘नाही’. आईनं विचारलं, चहा? त्यांनी आनंदानं मान आडवी हलवली. आईनं कप परत नेला. जेवताना तिनं डाव पुढे केला, त्यांनी हनुवटी वर केली. आईला वाटलं, ‘वाढा, वाढा’ म्हणतायत. वाढलं. पुन्हा हनुवटी, पुन्हा वाढलं. चौथ्या डावाला त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तेव्हा ती म्हणाली, किती संकोची आहेत हो! पानात टाकायचं नाही हा त्यांचा बाणा, त्यामुळे सगळं संपवलं. संध्याकाळपर्यंत पोट फुटायला आलेलं आणि चहावाचून घसा कोरडा. शेवटी ते उठून स्वयंपाकघरात गेले, रिकामा कप उचलून तोंडाला लावला, डोळे मिटले आणि असा काही सुस्कारा सोडला की आई कपाळावर हात मारून हसायलाच लागली. मग तेही हसले, आणि मला कारण कळायच्या आधी मीही. त्या दिवशी त्यांनी लागोपाठ तीन कप चहा घेतला.

हसलो खरा, पण मनातली अढी तशीच होती. रात्रीची जेवणं झाल्यावर त्यांनी खिशातून तुम्हा दोघांचा फोटो काढला, टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिले. प्रश्न अगदी स्पष्ट होता, त्याला फोन लागला नसता. मी फोटो पाहिला, छान आहे अशी मान हलवली, ती त्यांच्या भाषेत काय झाली कोण जाणे, आणि खिडकी लावायला उठलो. खिडकी आधीच लावलेली होती. त्यांनी फोटो परत खिशात ठेवला. दोन दिवस तो प्रश्न घरात आमच्याबरोबर चहा पीत होता.

शुक्रवारी मी त्यांना कामावर घेऊन गेलो. खरं सांगू, मिरवायला. आपण कोण आहोत हे बोलून सांगता येत नव्हतं, म्हटलं दाखवू या. फाटकावर पास काढला, त्यांच्या डोक्यावर हॅटऐवजी हेल्मेट बसवलं आणि पिवळ्या पट्ट्यामागे उभं केलं. त्या दिवशी एक मोठं खोकं होतं, आत कसलंसं यंत्र, चारी बाजूंनी पट्टे टाकलेले. तुला आठवत असेल, ओझं आधी वीतभर उचलायचं, थांबायचं, चारी बाजूंनी फिरून पाहायचं, मगच वर न्यायचं. हा नियम मी तुला तुझं दप्तर उचलतानासुद्धा पाळायला लावायचो. पण त्या दिवशी पाहुणे बघतायत म्हणून मला चेव चढला. वीतभरावर न थांबता मी बोट फिरवतच राहिलो. खोकं ऐटीत वर निघालं, आणि मी अर्धी नजर क्रेनकडे, अर्धी पाहुण्यांकडे ठेवून उभा.

आणि पाहुण्यांनी एकाएकी दोन्ही हात डोक्यावर नेले, मनगटं एकमेकांवर आदळून फुली केली आणि टाचा उंचावून उभे राहिले. ही आमची खूण नाही, कुठल्याच पुस्तकात नाही. पण खोकं जागच्या जागी थांबलं. ढगातल्या काकांनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. मला मात्र राग आला. माझ्या तीस वर्षांच्या कामात, माझ्या धक्क्यावर, एका केस कापणाऱ्यानं हात वर करावा! तावातावानं मी खोक्याच्या पलीकडे गेलो आणि थंड पडलो. कोपऱ्यावर पट्ट्याखाली जाड रबर ठेवतात, ते निसटलं होतं. पट्टा थेट लोखंडी कडेवर घासत होता आणि खोकं दोन बोटं कललं होतं. ज्या माणसाचं आयुष्य दोन कानांपुढचे कल्ले एका उंचीला आणण्यात गेलं, त्याला ती दोन बोटं दिसली होती. मला दिसली नाहीत. आणखी वर गेलं असतं तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. खाली चार माणसं होती.

खोकं खाली घेतलं, रबर बसवलं, पट्टे पुन्हा ताणले. सगळे तयार. पाहुण्यांना वाटलं, आपण थांबवलं तर सुरूही आपणच करायला हवं. त्यांनी वर बघून अंगठा दाखवला. काका हलले नाहीत. मग त्यांनी दोन्ही हात खालून वर नेले, सुपात धान्य पाखडल्यासारखे. काका काचेमागे हाताची घडी घालून बसून राहिले. कारण नियमच तसा आहे. ‘थांब’ कोणीही म्हणावं, नवख्यानं, पाहुण्यानं, रस्त्यावरच्या माणसानं, कसल्याही हातानं, आणि ते ऐकायचंच. पण ‘उचला’ मात्र एकाच माणसाचं ऐकायचं. ज्यानं ओझं ताब्यात घेतलंय, त्यानं स्वतः फिरून पाहायचं आणि स्वतः हात वर करायचा. तोवर सगळे ताटकळतात. काका माझ्याकडे बघत होते, गडी माझ्याकडे बघत होते, पाहुणेही कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

ठमे, तिथे भर उन्हात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ‘थांब’ म्हटलं होतं, आणि ते म्हणायचा मला हक्क होता. कोणालाही असतो. पण नंतर पलीकडे जाऊन पाहायचं काम माझं होतं, आणि ते मी केलंच नाही. मी नुसता हात आडवे करून चार महिने उभा राहिलो आणि तुमचं सगळं आयुष्य हवेत लटकत ठेवलं. ओझं लटकत ठेवून माझ्या धंद्यात कोणी जेवायलासुद्धा जात नाही. मी चार महिने जेवत होतो, झोपत होतो, हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. मला माझी लाज वाटली. मग मी कोपरात हात उभा केला, तर्जनी आभाळाकडे केली आणि मनगटातून बारीक बारीक वर्तुळं काढली. खोकं वीतभर उचललं, थांबवलं, चारी बाजूंनी फिरलो, पुन्हा बोट फिरवलं, आणि ते अलगद वर गेलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी बाकावर काकांनी त्यांना आपल्या डब्यातलं अर्धं दिलं आणि तिघेही अगदी सुखानं गप्प बसलो.

‘थांब’ उठवायचं तर पलीकडे जाऊन पाहायला हवं ना? ते पाहणं काल सकाळी झालं. त्यांनी माझे केस बघून च्च केलं, जे बहुधा सगळ्या जगात सारखंच असावं, आणि मला गच्चीत स्टुलावर बसवलं. चामड्याची पेटी उघडली. मानेभोवती टॉवेल, मग डोक्याला दोन बोटांचा स्पर्श, की मान खाली. कानामागे एक बोट, की मान डावीकडे. मी आयुष्यभर लोकांना हात दाखवत आलो, पण दोन बोटांच्या हुकमात इतक्या मुकाट्यानं कधी वागलो नव्हतो. मधेच ते पुढे आले आणि गुडघ्याएवढी उंची दाखवली, मग मांडी, मग कात्री, मग मोठ्यानं रडायची नक्कल. तुझ्या नवरदेवाचे पहिले केस. मग हात वर वर नेत स्वतःच्या डोक्यावर वीतभर नेला आणि मान मागे टाकून त्या उंचीकडे असं पाहिलं की मी हसलो. मग त्यांनी खोलीतल्या तुझ्या फोटोकडे बोट केलं. कंगवा पेटीत ठेवला, पेटीतली पेन्सिल घेतली. घाईघाईनं चार पावलं चालले, दोन्ही हात मागे नेऊन नसलेले केस गोळा केले, पिळले, वर बांधले आणि त्यात पेन्सिल खुपसली. मग ओठ मुडपून, एक भुवई वर करून, काल्पनिक पातेल्याचं झाकण उचलून आत पाहिलं.

अगं, ती तू होतीस! हुबेहूब! तो ओठ मुडपायचा प्रकारसुद्धा. मला वाटायचं, हे फक्त मला आणि तुझ्या आईला दिसतं. आणि इथे हजारो मैलांवरून आलेला एक बुटका माणूस, मिशीसकट, माझ्या गच्चीत माझी मुलगी होऊन उभा होता. किती वेळा, किती मायेनं पाहिलं असेल तुला, त्याशिवाय हाताला अशी सवय लागत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, केस गेला डोळ्यात. ते फुंकर मारायला लागले, मी हनुवटी वर उडवली, नाही नाही, त्यांच्या पद्धतीनं, पहिल्यांदाच बरोबर. ते थांबले. त्यांनी तळहात माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. तुझी आई चहा घेऊन आली होती, ती दारातूनच परत फिरली. तिला मी इतका वेळ गप्प बसलेला कधी दिसत नाही.

मग राहिलेली अर्धी बाजू त्यांनी कापली आणि मी आरशात पाहिलं. दहा वर्षांनी तरुण दिसतोय, असं तुझी आई म्हणते. माझे कल्ले आयुष्यात प्रथमच सारखे आहेत.

तुला आठवतं का गं, मी कामावरून आलो की तू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी असायचीस? हाक नाही, रडणं नाही. नुसता कोपरात हात उभा, एवढंसं बोट वर, आणि गोल गोल. मी तोंडानं क्रेनचा घरघराट काढायचो आणि तुला खांद्यावर उचलायचो. एकदाही ‘नाही’ म्हटलेलं मला आठवत नाही. तू अकरा वर्षांची झालीस आणि तुला उचलताना माझी पाठ आखडली, तोवर हे चाललं होतं. त्यानंतर तू ती खूण केली नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही.

आता जॅकेटचं सांगतो. पाळी बदलते तेव्हा जाणारा माणूस आपलं नारिंगी जॅकेट काढून येणाऱ्याला स्वतःच्या हातानं घालतो, वर बसलेल्याला दिसेल असं. त्या क्षणापासून त्याचा हात तोच माझा हात, आणि ‘उचला’ त्याचंही ऐकायचं. आज सकाळी निघायच्या आधी मी माझं जुनं जॅकेट माझ्या व्याह्यांच्या अंगात घातलं, मग प्रवासापुरतं काढून ठेवायला सांगितलं. ते त्यांना गुडघ्यापर्यंत येतं, त्याला इलाज नाही. हे पत्र आता त्यांच्या आतल्या खिशात ठेवतोय. यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नाही, तरी तुझ्या तोंडाकडे बघून कितवं पान चाललंय हे ते ओळखत असतील. फोन करून मी सांगू शकलो असतो, पण माझं तोंड बोलायला लागलं की कुठे जातं ते तुला माहीत आहे. शिवाय जे हातांनी थांबवलं, ते हातांनीच सुरू व्हायला हवं. कालची अख्खी संध्याकाळ मी त्यांना एकच खूण शिकवत होतो. त्यांचं वर्तुळ अजून जरा मोठं पडतं, कुरळ्या बटा वळवल्यासारखं, पण तू समजून घेशील. तू पत्र खाली ठेवून वर पाहिलंस की ती करायची, असं आमचं ठरलंय. मी पलीकडे जाऊन पाहून आलोय, बाळ. पट्टे पक्के आहेत. आता वर बघ.

तुझाच,
खालून हात दाखवणारा
बाबा